छातीएवढी भिंत आणि वांग्याची रोपं

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी, सकाळी, प्लॅस्टिकच्या पन्नीवरचं दव उतरायच्या आत. मनीषनगरच्या एका ले-आऊटच्या कमिटीनं मोकळ्या जागेच्या फाटकाला नवंकोरं कुलूप घातलं आणि आत तिची रोपं कोंडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे या हकिगतीत साड्या येतात, विळा येतो, मोबाइल येतो, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. कुलूप विसरतात.

ती जागा पूर्वी कशी होती ते मी पाहिलंय. कॉलेजला तिथूनच जायची. कमरेएवढं गाजरगवत, फुटलेल्या कमोडांचे तुकडे, मेलेली कुत्री. ले-आऊटच्या नकाशावर मात्र तिचं नाव ‘बगीचा’. मागच्या बस्तीत आम्ही राहतो, मध्ये फक्त एक गल्ली. कमिटीच्या सेक्रेटरीनंच एकदा आत्याला गल्लीत थांबवून म्हटलं होतं, “बाई, तुम्हाला भाजीपाल्यातलं समजतं म्हणे. करा ना इथं काहीतरी. आम्हालाही ताजं मिळेल.” सही नाही, शिक्का नाही. मी तेव्हाच बोंबलले की लिहून घे. माझं आयुष्य पत्रकं लिहिण्यात, घड्या घालण्यात आणि वाटण्यात गेलंय, तोंडी शब्दाची किंमत मला चांगली ठाऊक आहे. आत्या म्हणाली, “सांबार लावाले कोणाची सही लागते वं?”

सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या नागपुरात कोथिंबीर म्हटलं की भाजीवालाही वळून बघतो, हा कुठला पाहुणा म्हणून.

बस्तीतल्या बायकांनी मिळून ती जागा साफ केली. मी साफ म्हणते, पण तीन पावसाळे गेले त्यात. मग मेथी आली, पालक आला, कुंपणावर वाल चढला. हिवाळा लागला की ले-आऊटच्या बायका स्वेटर घालून, हातात पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. तेव्हा फाटकाला कुलूप नव्हतं. कडीसुद्धा नव्हती, तारेचा आकडा होता.

आत, गल्लीकडच्या भिंतीला लागून, आत्याचं पन्नीचं घर. पुस्तकात त्याला हरितगृह म्हणतात. आत्यानं कळमेश्वरकडच्या एका पॉलीहाऊसात ढोबळी मिरची तोडायची मजुरी केली होती. ते बंद पडलं तेव्हा मालक जुनी पन्नी जाळून टाकत होता. हिनं ती मागून घेतली, टेम्पोत घातली, आणि बांबू, तार नि सायकलची जुनी ट्यूब यांच्यावर घर उभं केलं. नागपूरचा डिसेंबर रात्री दात वाजवतो आणि दुपारी स्वेटर काढायला लावतो. वांग्याचं, मिरचीचं, टोमॅटोचं बी त्या रात्रीच्या गारठ्यात उघड्यावर नीट उगवत नाही. पन्नीखाली उगवतं. पण पन्नी सांभाळावी लागते. दिवस कलला की बाजूचे पडदे सोडायचे, ऊब आत ठेवायची. सकाळी दव उतरलं की पडदे वर गुंडाळायचे, नाहीतर आत वाफ कोंडते आणि ऊन चढलं की रोपं शिजतात. शिजतात म्हणजे शिजतातच, अलंकार नाही. हे पडदे आतून गुंडाळायचे. फाटकाकडची बाजू उघडायची असते. गल्लीकडची बाजू उत्तरेची, गार वाऱ्याची, म्हणून ती कायमची मातीत पुरलेली.

आता बियाण्याचं सांगते, कारण खरं दुखणं तिथं आहे. आमच्या बस्तीत भरताचं वांगं बाजारातून आणत नाहीत. घराघरात एक वांगं झाडावरच पिवळं होऊ देतात, त्याचं बी धुतात, राखेत घोळतात आणि चिंधीत बांधून ठेवतात. कोणाची आजी ते माहेराहून घेऊन आली, कोणाची सासू. त्या वर्षी परतीच्या पावसानं दारातली झाडं कुजली, नवं बी हाती लागलं नाही. तेव्हा बायकांनी ठरवलं, उरलेलं सगळं आत्याकडं द्यायचं, एकत्र रोपं करायची आणि मग घरोघरी वाटून घ्यायची. सगळ्यांच्या चिंध्या आल्या. एकीनंही चिमूटभर मागं ठेवलं नाही. तुम्ही याला चूक म्हणाल. शेतकी कॉलेजातला माणूस तर हसेल. पण आमच्याकडं जे करायचं ते मिळून करायचं, आपल्यापुरतं बाजूला काढून ठेवणं म्हणजे दुसरीवर विश्वास नसणं. म्हणून सगळ्या बस्तीचं वांगं एका पन्नीखाली होतं. चार पानांवर आलं होतं. त्याच आठवड्यात लावणी करायची होती.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं लागली. कमिटीच्या अध्यक्षांच्या मुलाचं रिसेप्शन त्या जागेत करायचं ठरलं. आत्या नाही म्हणाली नाही. समोरची मेथी उपटून दिली, वालाचा मांडव स्वतः उतरवला, फक्त म्हणाली, “मागचं घर राहू द्या. रोपं निघाली का मी पन्नीबी काढून देतो.” सेक्रेटरी म्हणाले, “हो हो, काही टेन्शन नाही.” शुक्रवारी मांडववाल्यानं गाद्या, खुर्च्या, जरीचे पडदे आणून टाकले. संध्याकाळी आत्यानं पन्नीचे पडदे सोडले आणि घरी आली.

सकाळी फाटकाला कुलूप. कुलपाखाली पुठ्ठा लटकत होता आणि त्यावर मार्करनं लिहिलं होतं: सामानाची चोरी होऊ नये म्हणून जागा बंद.

आत्यानं तो पुठ्ठा वाचला. परत वाचला. मग चौकीदाराला विचारलं, “चाबी?”

“अध्यक्षसाहेबांकडं. ते गांधीबागला गेले, पाहुण्यांचे कपडे घ्यायले. फोन लावून राहिलो, उचलून नाही राहिले.”

“दुसरी?”

“दुसरी पण त्याईच्याच खिशात.”

आम्ही गल्लीत गेलो. भिंत छातीएवढी आहे. भिंतीपलीकडं हातभर अंतरावर पन्नी. दव सुकत चाललं होतं, आणि पन्नी आतून पांढरी पडत होती. वाफ धरलेली. मी पदर खोचला नाही, कारण मी जीन्समध्ये होते, पण हात भिंतीवर टेकवला. उडी मारायची, पडदे वर करायचे, परत यायचं. पोळी भाजून होईस्तोवर झालं असतं.

“उतर,” आत्या म्हणाली.

“मी चढलेच कुठं आहे?”

“चढू नोको. तो पुठ्ठा वाचला ना तू? चोरी लिवलंय त्याच्यावर. आता त्या भिंतीवरून जो जाईन तो चोर.”

मी म्हटलं, “आत्या, रोपं आपली आहेत.”

“म्हणूनच. आपल्या रोपापाशी मी फाटकातून जाईन.”

माझे आजोबा छप्पन साली त्या गर्दीत उभे होते, जिथं लाखो माणसं एका दिवसात ताठ झाली. आत्या त्यांची धाकटी लेक. आजोबांनी घरात देव ठेवले नाहीत, पण एक गोष्ट ठेवली: मागच्या दारानं कोणाकडंही जायचं नाही. लग्नाला बोलावलं आणि मागून पंगत दाखवली, की ते उपाशी परत यायचे. मी याच घरातली आहे, याच गोष्टींवर पत्रकं लिहिते. तरी त्या सकाळी मला वाटलं, हे काय खूळ, रोपं मरताहेत.

बस्तीतल्या बायका जमल्या. ऊन भिंतीवर आलं. तेवढ्यात सेक्रेटरी आले, सकाळचं फिरणं आटोपून, ट्रॅकसूटमध्ये.

“काय गर्दी आहे?” मग त्यांना सगळं कळलं आणि ते खरंच हसले. “अहो बाई, एवढंच ना? मारा ना उडी. कोण अडवतंय? आमची काही हरकत नाही.”

आत्या म्हणाली, “मंग तो पुठ्ठा काढा.”

“पुठ्ठा अध्यक्षांनी लावला. मी कसा काढणार? पण मी सांगतो ना, जा तुम्ही. मी इथं उभा आहे.”

“तुम्ही उभे आहात त मोबाइल काहून वर हाय तुमचा?”

मी बघितलं. मोबाइल छातीशी धरलेला, कॅमेरा आमच्याकडं. ते म्हणाले, “असंच. रेकॉर्ड असलेलं बरं असतं, दोन्ही बाजूंना.” माझ्या तोंडात शिवी आली होती. एका आजीबाईनं ती माझ्याआधी दिली, त्यामुळं माझी वाचली.

आजीबाई पुढे म्हणाल्या, “बाप्पा, तूच चढ ना मंग. तुही त कमिटी हाय. तूच जा आन् पडदे वर कर. आमी तुहा फोटो काढतो.”

बायका हसल्या. सेक्रेटरींना हसू आलं नाही. ते म्हणाले, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी चौकीदाराकडं पाहिलं. त्यानं सेक्रेटरीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. नोकरीचा माणूस, त्याला काय म्हणणार.

ऊन वर येत होतं. पन्नीच्या आतल्या वाफेचे थेंब आता ओघळू लागले होते. भिंतीवरून वाकून पाहिलं की थेंबांच्या वाटांमधून आतले रोपांचे ट्रे दिसायचे. सकाळी उभी असलेली पानं आता कडेला लोंबत होती. आत्या भिंतीपाशीच होती. ओठ आत ओढून उभी. मधूनच हात लांबवून पन्नीला तळवा लावायची, ताप बघावा तसा, आणि परत घ्यायची.

मी अध्यक्षांना फोन लावला. परत लावला. वाजून वाजून बंद. मी मेसेज केला, भाषा सौम्य ठेवली. आता वाटतं कशाला ठेवली.

शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज सांबार न्यायला यायच्या. त्या खाली आल्या, हातात गाडी धुवायचा लांब पाइप. म्हणाल्या, “आमच्या नळाला लावलाय. पन्नीवर पाणी मारा, जरा थंड होईल.” कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. आत्यानं पाइप घेतला आणि भिंतीवरून पन्नीवर पाणी सोडलं. पन्नीवर पाणी पडताना जो आवाज येतो, तो ऐकून बायकांनी श्वास सोडला. पाय गल्लीतच, पाणी पलीकडं.

मग वरून आवाज आला. काकूंचे यजमान बाल्कनीत.

“कशाला पडतेस मध्ये? वर ये.”

“येते.”

“आत्ता ये.”

काकू हलल्या नाहीत. पाण्याची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग बंद. वरचा नळ बंद केला होता. काकूंचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं. त्या पाइप तसाच टाकून उभ्या राहिल्या. वर गेल्या नाहीत, एवढं मी लिहून ठेवते.

मग साड्या. ही कल्पना कोणाची, आता कोणालाच आठवत नाही, सगळ्या म्हणतात माझी. बस्तीच्या नळावर बादल्या भरल्या, घराघरातून जुन्या सुती साड्या आल्या, भिजवल्या आणि दोघी दोघींनी टोकं धरून भिंतीवरून पन्नीवर फेकल्या. हिरवी, जांभळी, विटकी गुलाबी, एक पांढरी निळ्या काठाची. सावली झाली. सेक्रेटरींचा मोबाइल चालूच होता, आता बाल्कन्यांतूनही तीन-चार. कोणीतरी वरून ओरडलं, “सेल लागला का?” हसणं ऐकू आलं.

साड्यांनी वरचं ऊन अडलं, पण आत कोंडलेली हवा निघायला वाट नव्हती. आणि साड्या सुकत होत्या. पुढच्या रांगेतली वांग्याची रोपं आडवी झाली. मरताना रोप आवाज करत नाही, माणसात नि त्याच्यात एवढाच फरक.

आत्या मला म्हणाली, “घरून विळा आण. आन् लांब बांबू.”

“कशाला?”

“आण म्हटलं ना.”

मला कळलं होतं. तरी विचारलं, कारण ती पन्नी परत मिळणार नव्हती. थंडी अजून यायची होती. खरा गारठा संक्रांतीपर्यंत. मी पळत गेले आणि आणला. आत्यानं बांबूच्या टोकाला सायकलच्या ट्यूबनं विळा आवळला, भिंतीशी उभी राहिली, साड्या बाजूला सारायला लावल्या आणि छपराच्या मधोमध विळा टेकवून ओढला. पन्नी जुनी होती, एका ओढीत वीतभर फाटली. परत ओढला. परत. आतून गरम वाफ वर आली, कुकरचं झाकण काढावं तशी, ओल्या मातीचा आणि उकडलेल्या पाल्याचा वास घेऊन. स्वतःच बांधलेलं छप्पर ती बाई गल्लीत उभी राहून फाडत होती आणि तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

सेक्रेटरी तेव्हा म्हणाले, “हे तुम्ही उगाच ड्रामा करून राहिले. नुकसान तुम्हीच केलं, व्हिडिओत आहे.”

आत्यानं आणखी एकदा विळा ओढला.

अध्यक्षांची गाडी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. मागच्या सीटवर कपड्यांचे खोके. ते उतरले, गर्दी पाहिली, साड्या पाहिल्या, खिशातून चावी काढली आणि स्वतः कुलूप उघडलं. अगदी सहज, घरी आल्यासारखं. आत्या फाटकातून आत गेली. पडदे वर केले. मी मागोमाग होते.

मिरची वाचली. टोमॅटो अर्धे. वांगी गेली. एकूण एक ट्रे. पानं काळपट, देठ पाण्यासारखे मऊ, हाताला लागताच गळत होते. आत्यानं एकेक कप्पा चाचपला, शेवटपर्यंत. मला वाटलं ती रडेल. तिनं ट्रे उलटा केला, माती झाडली आणि बाहेर आली.

अध्यक्ष म्हणाले, “सॉरी, फोन सायलेंटवर होता. मिसअंडरस्टँडिंग झालं. मी तुम्हाला नर्सरीतून रोपं आणून देतो, पाहिजे तेवढी, हायब्रिड.”

आत्या म्हणाली, “तो पुठ्ठा कोणासाठी होता?”

“अहो, तुमच्यासाठी नव्हता. माझा तुमच्यावर संशय नाही. बाहेरच्यांसाठी होता.”

“बाहेरचं कोण? या फाटकातून रोज मीच त जातो.”

ते गाडीकडं वळले. खोके उतरवायला सांगितले. पुठ्ठा तसाच लटकत होता. मी तो काढायला गेले तर आत्यानं हात धरला. “ज्यानं लावला तो काढंन.” संध्याकाळी मांडववाल्यानं काढला, त्याला तिथं फुलांची कमान लावायची होती.

त्या संध्याकाळी बायकांनी वाचलेली मिरची आणि टोमॅटो घरी नेले. छप्पर फाटलं होतं, वारा गार सुटला होता. कोणाच्या ओट्याखाली ट्रे, कोणाच्या टीव्हीमागं. आमच्या घरी आंघोळीच्या बंबाशेजारी. समोर लाइटिंग, गाणी, वाढपी. आम्हाला ताट पाठवलं होतं, मागच्या गल्लीतून. आत्यानं झाकण न उघडता परत पाठवलं.

व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी फिरला. त्यात कुलूप नाही. पुठ्ठा नाही. ‘मारा ना उडी’ हे वाक्य नाही. एक बाई विळ्यानं पन्नी फाडते आहे, एवढंच, आणि खाली लिहिलंय, अतिक्रमणवाल्यांचा तमाशा. तो माझ्या ऑफिसातल्या मुलीकडं पोचला, तिनं मलाच दाखवला, हसत. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पण मग तिनं उडी का नाही मारली? सिंपल होतं ना.” ती मुलगी वाईट नाही. तिला कधी भिंतीपाशी चोर म्हणून उभं केलं नाही कोणी, इतकंच.

यंदा आमच्या बस्तीत भरताचं वांगं नाही. नर्सरीची रोपं आली होती, आत्यानं लावली, तिचा रोपांवर राग नाही. फळ मोठं येतं, चकाकतं, भाजलं की पाणी सोडतं. आजीबाईंनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. त्यांच्या आईनं दिलेलं बी होतं ते, त्यांच्या हयातीत परत मिळायचं नाही. आणि जागा? जागा अजून आहे. सांबार आहे, पालक आहे. फाटकाला कुलूपही आहे, ‘सुरक्षेसाठी’. चावी चौकीदाराकडं. आत्या रोज सकाळी ती मागते, रोज त्याच्यासमोर उभी राहते, तो रोज वर बाल्कन्यांकडं बघून मग देतो.

मी कमिटीकडं गेले, दोनदा. पहिल्यांदा म्हणाले, विषय संपला. दुसऱ्यांदा म्हणाले, वार्षिक सभेत काढू, पण सभेत फक्त प्लॉटधारकांना बोलता येतं. मी प्लॉटधारक नाही. आत्या नाही. आमच्यापैकी कोणीच नाही.

तुम्ही असाल. त्या ले-आऊटचे असाल, किंवा तशाच दुसऱ्या कुठल्या. तुमच्या घरी त्या जागेतला पालक शिजला असेल, व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तर येत्या सभेला जा. चहा-समोसा होईस्तोवर थांबू नका, सुरुवातीलाच उभे राहा, आणि एकच विचारा: या बाईनं आजवर इथून काय चोरलं? ते विषय बदलतील, पार्किंगवर जातील, लिफ्टवर जातील. परत विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.